मैदानाचे चोवीस महिने: ठाण्यातील एका आरक्षणाचे प्रकरण

घोडबंदर रस्त्याच्या पट्ट्यात १ हेक्टर २० आर जमीन आहे. १९९९ मध्ये मंजूर झालेल्या ठाण्याच्या विकास आराखड्यात तिच्यावर खेळाच्या मैदानाचे आरक्षण पडले. जमीन खासगी, सातबारावर एका आगरी कुटुंबाच्या तीन पिढ्यांची नावे. आरक्षण पडून वीस वर्षे उलटली तरी महापालिकेने ती घेतली नाही आणि मालकांनाही तिथे वीट रचता आली नाही. अशा जमिनीबाबत एके दिवशी आवक विभागात नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची खरेदी सूचना ('मुदतीत जमीन घ्या, नाहीतर आरक्षण सोडा' अशी मालकाची नोटीस) येऊन पडते आणि घड्याळ सुरू होते.

हे प्रकरण कुठल्याही एका भूखंडाचे नाही. नगररचनेच्या कामात भेटलेल्या अनेक फायलींचे धागे जुळवून ते रचले आहे. नव्याने रुजू होणाऱ्या नगररचनाकारांना उपयोग व्हावा आणि आपल्या भागातल्या मैदानाची काळजी असणाऱ्या रहिवाशांनाही ही वाट कळावी, हा हेतू. माणसे आणि घटनाक्रम कल्पित आहेत. कलमे, मुदती आणि फाइल ज्या टेबलांवरून जाते ती टेबले खरी आहेत.

जागेवर काय आहे

रस्त्यालगतच्या अर्ध्या भागावर हिरव्या जाळीतला टर्फ आहे. तो तासाच्या भाड्याने चालतो, रात्री फ्लडलाइटखाली कंपन्यांचे संघ खेळायला येतात. जाळीमागची जमीन उंचसखल आहे. पावसाळ्यात तिथे गुडघाभर गवत असते. दिवाळीनंतर ते वाळले की आजूबाजूच्या चाळींतली आणि जुन्या सोसायट्यांतली मुले मधली पट्टी साफ करतात आणि पायांनी तुडवून तुडवून खेळपट्टी तयार करतात. एका टोकाला विटा रचून केलेला स्टंप, दुसऱ्या टोकाला चपलांची जोडी. पैसे न मोजता खेळता येईल अशी जागा त्या प्रभागात एवढीच. पुढची कागदपत्रे वाचताना ही मुले डोळ्यांसमोर ठेवावीत, कारण फायलीत ती कुठेच येत नाहीत. तिथे आरक्षण क्रमांक, 'खेळाचे मैदान' आणि '१२,००० चौ.मी.' एवढीच ओळ असते.

कायद्याची चौकट

आराखड्यावर हिरवा रंग भरला म्हणून जमीन महापालिकेची होत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२६ मध्ये ती मिळवण्याचे तीन मार्ग दिले आहेत: मालकाशी करार करून मोबदला देणे, मोबदल्यात एफएसआय (जमिनीच्या प्रमाणात मिळणारा बांधकामाचा हक्क) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देणे, नाहीतर भूसंपादन. आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत यातले काहीच झाले नाही, तर कलम १२७ मालकाच्या बाजूने उभे राहते. मालक किंवा जमिनीत हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती हक्काची कागदपत्रे जोडून सूचना बजावू शकते. तिथून मूळ कायद्यात सहा महिन्यांची मुदत होती. २००९ च्या दुरुस्तीने ती १२ महिने झाली आणि २०१५ च्या दुरुस्तीने २४ महिने. या मुदतीत जमीन संपादित झाली नाही किंवा संपादनाची पावले सुरू झाली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते, आणि लगतच्या जमिनीवर जे करता येते ते या जमिनीवरही करता येते. इथे लगतची जमीन रहिवासी विभागात आहे. म्हणजे टॉवर.

'पावले सुरू झाली' या शब्दांवर वर्षानुवर्षे कोर्टकज्जे झाले. महापालिका सर्वसाधारण सभेचा ठराव दाखवत, जिल्हाधिकाऱ्यांना पाठवलेले पत्र दाखवत आणि हेच पाऊल म्हणत. २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले की ठराव आणि पत्रव्यवहार पुरेसा नाही, भूसंपादन कायद्याखालची अधिघोषणा (जमीन सार्वजनिक कामासाठी हवी असल्याची अधिकृत घोषणा) व्हायला हवी. आता २०१३ चा भूसंपादन कायदा लागू आहे, त्यामुळे कलम १९ ची अधिघोषणा २४ महिन्यांच्या आत प्रसिद्ध व्हायला हवी. प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयात 'विचाराधीन' असणे कामाचे नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा. कलम ३८ नुसार आराखडा वीस वर्षांतून एकदा तरी सुधारायचा असतो. प्रफुल्ल दवे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मालकाने सूचना बजावण्याआधीच सुधारित आराखडा मंजूर होऊन आरक्षण कायम राहिले, तर दहा वर्षे पुन्हा नव्याने मोजायची. त्यामुळे शहरात नवा आराखडा येणार अशी कुणकुण लागली की जाणकार मालक घाई करतात. या कुटुंबाला हा सल्ला त्यांच्या विकसकाकडून मिळाला होता.

पहिले दोन महिने

सूचनेवर सही विकसकाची होती, कुलमुखत्यारपत्राच्या आधारे. सोबत सातबारा, फेरफाराचे उतारे, विकास करारनामा. मोजणीची 'क' प्रत (जमिनीच्या हद्दी दाखवणारा सरकारी मोजणी नकाशा) नव्हती. दोन वारसांची नावे सातबारावर अजून चढलेली नव्हती.

अशा वेळी टेबलावरचा सर्वात सोपा शेरा असतो: 'कागदपत्रे अपूर्ण, सूचना ग्राह्य धरता येत नाही.' असे उत्तर पाठवून फाइल बाजूला ठेवली की काही महिने शांतता लाभते. त्या शांततेची किंमत पुढे शहर मोजते. कलमातच 'हितसंबंध असलेली व्यक्ती' असे शब्द आहेत. तेव्हा मालकाची थेट सही नाही म्हणून सूचना फेटाळणे टिकण्याजोगे नव्हते. मोजणीची प्रत तर महापालिकेला स्वतःलाही लागणारच होती. विधी विभागाने टिपणीवर स्पष्ट लिहिले: त्रुटी कळवा, पण मुदत सूचना मिळाल्याच्या तारखेपासूनच मोजा.

शहर विकास विभागातल्या एका कनिष्ठ नगररचनाकाराने पहिल्याच आठवड्यात एक कागद फायलीच्या आतल्या बाजूला चिकटवला. वर आवक शिक्क्याची तारीख, खाली चोवीस महिन्यांनंतरची तारीख लाल शाईत, आणि मध्ये उलट्या क्रमाने टप्पे: अधिघोषणा कधीपर्यंत, त्यासाठी निधी कधी भरायचा, त्याआधी संयुक्त मोजणी कधी, तिच्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात शुल्क कधी भरायचे. फाइल ज्याच्या टेबलावर जाई त्याला पहिल्यांदा तो कागद दिसे. या प्रकरणात मैदान वाचवणारी पहिली गोष्ट म्हणून मी या कागदाचे नाव घेईन. महापालिकांमध्ये आरक्षणे जातात ती बहुतेकदा कोणाच्या निर्णयाने जात नाहीत. आज कितवा महिना चालू आहे हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून जातात.

दुसऱ्या महिन्यात मालकांना बोलावले गेले. कायद्याने ही सुनावणी बंधनकारक नव्हती. सगळे आले. थोरले आबा कोपऱ्यात बसून होते, बोलत होता त्यांचा मुलगा. "साहेब, आमच्या आज्याने इथं भात लावला. आता वीस वर्षं झाली, सातबारा आमचा आणि हात लावायला गेलो की तुमची नोटीस. एक तर घ्या, नाहीतर सोडा." सहायक संचालकांनी त्याला मधेच थांबवले नाही. शेवटी एवढेच विचारले, "दादा, मैदान राहावं आणि तुमचंही नुकसान होऊ नये, असा मार्ग निघाला तर ऐकाल?" आबांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. "मैदान राहू दे की. पोरं आमचीच खेळतात तिथं."

या एका वाक्याचा फायलीत उपयोग नव्हता, पण पुढच्या वाटाघाटींचा सूर त्यातून ठरला. वीस वर्षे हक्क अडकून पडलेल्या मालकाचा राग रास्त असतो. तो रास्त आहे हे मान्य करून बोलणारा अधिकारी भेटला की बरीच प्रकरणे न्यायालयापर्यंत जातच नाहीत.

पैसा, टीडीआर आणि तिसरी वाट

भूसंपादनाचा खर्च वाढतो तो २०१३ च्या कायद्यामुळे. शहरी भागात बाजारमूल्य, त्यावर १०० टक्के, म्हणजे तेवढीच, दिलासा रक्कम, वर वार्षिक १२ टक्क्यांची वाढीव रक्कम. घोडबंदर रस्त्यावरच्या १२,००० चौरस मीटरचे बाजारभाव धरून लेखा विभागाने आकडा काढला तेव्हा एकाच मैदानात त्या वर्षीच्या आरक्षण संपादनाची सगळी तरतूद संपत होती.

टीडीआरमध्ये महापालिकेचा खिसा रिकामा होत नाही. पण कुटुंबातले जुने लोक कागदी हक्काला राजी नव्हते. टीडीआर विकायचा म्हणजे दुसऱ्या विकसकाच्या दारात जायचे, आणि बाजारात टीडीआर जास्त झाला की भाव पडतो, हे त्यांना नात्यातल्या एकाच्या अनुभवावरून माहीत होते.

उरला समावेशक आरक्षणाचा मार्ग. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत त्याची तरतूद आहे: मालकाने आरक्षित जागेचा मोठा हिस्सा विकसित करून विनामूल्य महापालिकेच्या ताब्यात द्यायचा आणि उरलेल्या तुकड्यावर स्वतःचे बांधकाम करायचे.

काहीच झाले नाही तर काय, हेही टिपणीत मांडले होते आणि ते मांडणे महत्त्वाचे होते. आरक्षण व्यपगत झाले तर विकसक संपूर्ण जागेवर गृहसंकुल उभारेल. नियमानुसार १० टक्के खुली जागा सोडावी लागेल, म्हणजे १,२०० चौरस मीटर. तीही संकुलाच्या आत, तिथल्या रहिवाशांसाठी. विटांच्या स्टंपवर खेळणाऱ्या मुलांसाठी त्यात काहीच नाही.

बोलणी सुरू झाली म्हणून भूसंपादनाचा प्रस्ताव थांबवला गेला नाही. तिसऱ्या महिन्यात तो जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला आणि संयुक्त मोजणीही झाली. विकसकाने दोनदा सुचवले की आता आपले जमते आहे, तर ही कार्यवाही कशाला. त्याला दोन्ही वेळा एकच उत्तर मिळाले: सूचना लेखी मागे घ्या, नोंदणीकृत करार करा, मग थांबवू. तोंडी समझोत्यावर विसंबून बावीस महिने बोलणी करत राहायचे आणि तेविसाव्या महिन्यात 'आमचे जमत नाही' असे पत्र हातात यायचे, हा खेळ नवा नाही. एकोणिसाव्या महिन्यात करार नोंदवला गेला आणि सूचना मागे घेतली गेली, तोपर्यंत दोन्ही फायली समांतर चालल्या.

परवानगीचा अर्ज: मैदान ठरते ते इथे

आराखड्यावर चर्चा करणारे बरेच जण इथे थांबतात. आरक्षण वाचले, प्रकरण संपले. माझ्या मते खरे काम इथून पुढे होते. कलम ४४ खाली बांधकाम परवानगीचा अर्ज ऑनलाइन दाखल झाला आणि नकाशा उघडल्यावर पहिली गोष्ट दिसली ती मैदानाचा आकार. विकसकाच्या आर्किटेक्टने इमारत आणि पोडियम (इमारतीखालचा उंच चौथरा) मध्यभागी ठेवून मैदान त्यांच्याभोवती दोन बाजूंनी वळवले होते. क्षेत्रफळ तंतोतंत भरत होते, पण त्यात मैदान काही होत नव्हते. क्रिकेट सोडाच, कबड्डीचे दोन पाटही जेमतेम बसले असते. नियमावलीतल्या क्षेत्रफळाच्या रकान्यापुढे बरोबरची खूण करून अर्ज पुढे सरकू शकला असता. छाननी करणाऱ्याने तसे केले नाही. त्याने मैदान एकसंध, आयताकृती आणि भूखंडाच्या मागच्या सपाट भागात मागितले, इमारत रस्त्याकडेच्या पट्टीत.

त्यातून दुसरा प्रश्न उभा राहिला, आणि माझ्या दृष्टीने हाच या प्रकरणाचा गाभा आहे. इमारत पुढे आणि मैदान मागे, तर मैदानात जायचे कुठून? सुधारित नकाशात आर्किटेक्टने संकुलाच्या आतल्या रस्त्यावरून वहिवाटीचा हक्क दाखवला. कागदावर ते चालते. प्रत्यक्षात तीन-चार वर्षांत सोसायटी नोंदली जाते, फाटकावर सुरक्षा रक्षक बसतो आणि चाळीतल्या मुलाला विचारतो, "कुठल्या फ्लॅटमध्ये जायचंय?" मुलगा परत फिरतो. त्यानंतर मैदान महापालिकेच्या नावावर असले तरी वापरात संकुलाचेच असते. ठाण्यात काय, नवी मुंबईत काय, अशी मैदाने आणि उद्याने दाखवायला फार फिरावे लागत नाही.

म्हणून अट घातली गेली: मुख्य रस्त्यापासून मैदानापर्यंत स्वतंत्र पट्टी, भूखंडाच्या कडेने, आणि ती वहिवाटीचा हक्क म्हणून नाही तर हस्तांतरित क्षेत्राचा भाग म्हणून. तिच्यावर संकुलाचा उतार, अग्निशमन गाडीची वाट, मलनिःसारण संयंत्र, भूमिगत टाकी, काहीही येणार नाही. विकसकाने विरोध केला, कारण दुकानांची दर्शनी लांबी तेवढी कमी होत होती. दोन बैठका त्यावरच गेल्या. शेवटी पट्टीची रुंदी थोडी कमी झाली, मालकी महापालिकेचीच राहिली.

पाण्याचा मुद्दा एका सर्व्हेअरने जागेवर पकडला. पोडियमची पातळी भरावाने वर जाणार होती आणि पावसाचे पाणी नैसर्गिकपणे मागे, मैदानात उतरणार होते. मंजूर नकाशात मैदानाच्या कडेने पर्जन्यजलवाहिनी आणि तिचा नाल्याला जोड दाखवायला लावला. छोटी गोष्ट वाटते. ठाण्याच्या पावसात ती छोटी नाही.

ताबा कधी घ्यायचा

विकसकांची नेहमीची मागणी असते की ताबा भोगवटा प्रमाणपत्राच्या (ओसी) वेळी देऊ. महापालिकेने तोपर्यंत थांबायचे म्हणजे इमारत पूर्ण, घरे विकलेली, ग्राहक चाव्यांची वाट पाहत असलेले, आणि मैदानावर मजुरांच्या झोपड्या. त्या टप्प्यावर ओसी अडवली की ओरड होते ती घर घेणाऱ्यांची, आणि ती खोटी नसते. म्हणून इथे क्रम असा बांधला: नोंदणीकृत हस्तांतरण आणि ताबा पावती झाल्यावर फक्त जोत्यापर्यंतचे प्रारंभ प्रमाणपत्र, आणि सातबारावर महापालिकेचे नाव चढल्यावर जोत्यापुढची परवानगी.

फेरफाराची नोटीस निघाली तेव्हा हरकत आली. आबांच्या एका बहिणीच्या वारसांची. सातबारावर त्यांचे नाव कधी चढलेच नव्हते, आणि हक्कसोडपत्रही कोणी करून घेतले नव्हते. मंडळ अधिकाऱ्यांसमोरच्या सुनावणीत त्या घरच्या ताई स्वच्छ बोलल्या: "मैदानाला आमची ना नाही. पण बांधकामात आमच्या आईचा वाटा आहे, तो कागदावर आला पाहिजे." कुटुंबाने आपापसात दस्त करून तो वाटा दिला, मगच नोंद प्रमाणित झाली. यात जे महिने गेले त्याबद्दल विकसकाने बरीच पत्रे लिहिली. मला हा विलंब योग्य वाटतो. मुलींचे हक्क बाजूला सारून घेतलेली जमीन पुढे कधीही वादात सापडते, आणि तसे नसते तरी त्यांचा वाटा त्यांना मिळायलाच हवा होता.

जोते तपासणीसाठी अभियंता गेला तेव्हा मैदानाच्या जागेवर सळईचे ढीग आणि काँक्रीटची गाडी धुण्याचा खड्डा होता. ती जागा तोवर महापालिकेच्या नावावर झालेली होती. म्हणूनच त्याला युक्तिवाद करावा लागला नाही. जागा मोकळी होईपर्यंत जोते प्रमाणपत्र थांबले आणि जागा लवकरच मोकळी झाली.

नव्या आराखड्यात

ऑक्टोबर २०२४ मध्ये ठाण्याचा सुधारित प्रारूप विकास आराखडा, म्हणजे नव्या आराखड्याचा मसुदा, प्रसिद्ध झाला. प्रारूपाआधी विद्यमान भूवापराचे सर्वेक्षण होते आणि त्यावरून नकाशे तयार होतात. आपला हा भूखंड हस्तांतरणाच्या आधी सर्वेक्षणात आला होता असे समजू. मग प्रारूपात तो जुन्याच हद्दीने, पूर्ण १२,००० चौरस मीटर, आरक्षण म्हणूनच दिसणार.

वरवर पाहता कोणाचे काही बिघडत नाही. पण परवानगी देताना कलम ४६ नुसार प्रारूप आराखडाही विचारात घ्यावा लागतो, त्यामुळे पुढच्या पट्टीतली इमारत हिरव्या रंगात अडकते. आणि रहिवाशांच्या बाजूने पाहिले तर 'आरक्षण' आणि 'विद्यमान मैदान' यांत मोठे अंतर आहे. आरक्षणावर कलम १२७ ची टांगती तलवार असते. महापालिकेच्या मालकीच्या, वापरातल्या मैदानाला ते कलम लागू होण्याचे कारण उरत नाही. त्यामुळे इथे एक गोष्ट घडली जी एरवी क्वचित घडते: विकसकाने आणि शेजारच्या सोसायट्यांनी एकाच दुरुस्तीची सूचना दिली, वेगवेगळ्या कारणांसाठी.

रहिवाशांचा अर्ज एका पानाचा होता. सोबत सातबारा, ताबा पावती, संयुक्त मोजणीचा नकाशा आणि दोन छायाचित्रे. अशा हरकती-सूचना कलम २८ खालच्या नियोजन समितीपुढे जातात. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जण, अशी तिची रचना कायद्याने ठरवली आहे. समितीपुढे प्रत्येकाच्या वाट्याला थोडा वेळ येतो. लांबलचक निवेदन घेऊन येणाऱ्याचा तो वेळ प्रस्तावनेतच जातो. नकाशावर बोट ठेवून 'इथे हे आहे, तुमच्या प्रारूपात हे दिसते, हे असे करा' म्हणणाऱ्याचे ऐकले जाते. या लोकांनी तेच केले.

त्यांची मागणी दोन ओळींत होती. मैदान हस्तांतरित हद्दीने विद्यमान मैदान म्हणून दाखवावे. आणि मुख्य रस्त्यापासून मैदानापर्यंतची पट्टीही त्याच रंगात, मैदानाचाच भाग म्हणून दाखवावी, कारण नकाशावर ती वेगळी राहिली तर उद्या कोणीतरी तिथे पार्किंग मागेल.